वकिलाची जबाबदारी कुठवर?

टायटल क्लिअर असल्याचा वकिलाचा दाखला हातात होता, खरेदीखत रीतसर नोंदले गेले, पैसे चेकने दिले. आणि वर्षभराने कळले की जमिनीचा एक तुकडा खाजगी वनाच्या नोंदीत अडकलेला आहे. मग नुकसान कोणी भरून द्यायचे? कर्जत आणि खालापूर तालुक्यांत गोदामासाठी, रिसॉर्टसाठी किंवा कारखान्यासाठी जमीन घेणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतो.

त्याचे उत्तर तीन उपप्रश्नांत दडलेले आहे. वकिलाला नेमके कोणते काम दिले होते? ते काम त्याने सक्षम वकिलाला शोभेल अशा काळजीने केले का? आणि झालेले नुकसान त्याच्याच चुकीतून झाले का? तिन्हींची उत्तरे खरेदीदाराच्या बाजूने आली तरच भरपाईचा हक्क उभा राहतो. यांतला पहिला प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि दाव्याचा निकाल बहुतेक वेळा तिथेच ठरतो.

१. कर्जत-खालापूरची अडचण

मध्य रेल्वेचा मुंबई-पुणे मार्ग, जुना महामार्ग आणि २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला द्रुतगती मार्ग यांमुळे हे दोन तालुके मुंबई आणि पुणे या दोन्ही बाजारपेठांच्या आवाक्यात आले. खोपोली-चौक पट्ट्यात कारखाने आणि गोदामे, नेरळ-कशेळे-कडाव भागात फार्महाऊसचे प्लॉट आणि रिसॉर्ट असा व्यवहार वाढला. घेणारा बहुधा मुंबईचा आणि शेतकरी नसलेला. देणारा शेतकरी, पूर्वीचा कूळ किंवा आदिवासी खातेदार.

अशा व्यवहाराचे काम एका हातात क्वचितच असते. करारमदार मुंबईतील फर्म करते, दुय्यम निबंधक कार्यालयातील शोध तालुक्याचा वकील घेतो, सातबारा आणि फेरफार एजंट आणून देतो, मोजणी भूमी अभिलेख खात्याकडे असते आणि झोनचा दाखला कोणीतरी नंतर आणायचा ठरतो. प्रत्येकाने आपापला तुकडा नीट केला तरी दोन तुकड्यांच्या मधली जागा कोणी पाहिलेली नसते. दोष नेमका तिथून निसटतो, आणि तो उघड झाल्यावर प्रत्येकजण सांगतो की ते काम आपल्याकडे नव्हते. हे म्हणणे कित्येकदा खरेही असते.

२. सॉलिसिटर, वकील आणि नेमणूक

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर पक्षकाराचे कागदोपत्री काम पाहतो आणि बॅरिस्टर प्रामुख्याने न्यायालयात बाजू मांडतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत ही विभागणी दीर्घकाळ होती. १८९४ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही मुंबईच्या सॉलिसिटरांची संस्था आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते. मात्र १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या नजरेत भारतात वकिलांचा एकच वर्ग उरला. मुंबईच्या फर्मचा सॉलिसिटर आणि कर्जतच्या बारचा वकील, दोघांनाही १९६१ चा अधिवक्ता कायदा सारखाच लागू आहे.

वकील आणि पक्षकार यांचे नाते कराराचे आहे. पक्षकार काम सोपवतो, वकील फी घेऊन ते स्वीकारतो. कोर्टातील दाव्यात वकीलपत्र असते, म्हणून निदान नेमणुकीचा पुरावा तरी राहतो. जमिनीच्या व्यवहारात वकीलपत्र लागत नाही. ‘साहेब, कागद बघून घ्या’ एवढ्या फोनवर काम सुरू होते. पुढे वाद झाला की ‘बघून घ्या’ म्हणजे काय काय बघायचे होते, हे न्यायालयाला ईमेल, व्हॉट्सअॅप संदेश, फीची पावती आणि अहवालातील मजकूर यांवरून ठरवावे लागते.

वकील हा पक्षकाराचा प्रतिनिधीही असतो. भारतीय करार कायद्याच्या कलम २१२ नुसार प्रतिनिधीने त्या व्यवसायातील लोकांकडे साधारणपणे असते तितके कौशल्य आणि तितकी दक्षता वापरली पाहिजे. दुर्लक्ष किंवा कौशल्याचा अभाव यांच्या थेट परिणामांची भरपाई त्याने द्यायची असते. दूरच्या, आडवळणाने आलेल्या नुकसानीची नाही.

३. चूक, निष्काळजीपणा आणि गैरवर्तन

प्रत्येक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिकांच्या जबाबदारीची कसोटी मांडली. खटला डॉक्टरांचा होता, पण न्यायालयाने वकिलांचाही उल्लेख केला. व्यावसायिक यशाची हमी देत नाही. आपल्याकडे आवश्यक कौशल्य आहे आणि ते आपण योग्य काळजीने वापरू, एवढीच त्याची ग्वाही असते. कौशल्य नसेल किंवा असून वापरले नसेल, तर तो जबाबदार.

जमिनीच्या कामात ही कसोटी लावून पाहता येते. एखाद्या कलमाचा अर्थ दोन प्रकारे लागतो, त्यावर न्यायालयांत मतभेद आहेत आणि वकिलाने त्यातला एक अर्थ विचारपूर्वक स्वीकारला. पुढे तो चुकीचा ठरला तरी हा निष्काळजीपणा नाही. पण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात फेरफार क्रमांक लिहिलेला असताना तो फेरफार काढून वाचलाच नाही, तर तो निष्काळजीपणाच आहे. त्या रकान्यातील प्रत्येक क्रमांकामागे एक व्यवहार, एक हुकूम किंवा एक बंधन असते, आणि कोणताही सावध वकील तिथवर जातो.

तिसरी पायरी गैरवर्तनाची. १९८३ मध्ये पांडुरंग दत्तात्रय खांडेकर विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र या पुण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चुकीचा सल्ला आणि अनुचित सल्ला यांत फरक केला. नैतिक अधःपात नसलेला निव्वळ निष्काळजीपणा हे व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाही. त्यामुळे ढिसाळ शोध अहवालासाठी वकिलाची सनद जाईलच असे नाही, पण त्याच अहवालासाठी दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा मात्र चालू शकतो.

४. मर्यादित नेमणूक

मर्यादित नेमणूक म्हणजे वकिलाने व्यवहाराचा ठराविक भागच हाती घेणे: फक्त तीस वर्षांचा शोध, फक्त मसुदा तपासणे किंवा फक्त नोंदणीला हजर राहणे. यात गैर काही नाही. खर्च कमी होतो, आणि ज्या खरेदीदाराकडे स्वतःची माणसे आहेत त्याला प्रत्येक कामासाठी वकिलाची गरजही नसते.

या विषयावरचा सर्वांत सखोल न्यायविचार इंग्लंडमध्ये झाला आहे. भारतीय न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. पण कराराचा पाया सारखाच असल्यामुळे तो येथेही उपयोगी पडतो.

पहिला खटला मिडलंड बँक ट्रस्ट विरुद्ध हेट, स्टब्स अँड केम्प. १९६१ मध्ये एका शेतकरी पित्याने मुलाला ठराविक किमतीत शेत विकत घेण्याचा हक्क लेखी दिला. सॉलिसिटरने दस्त केला, पण त्या हक्काची नोंद करायची राहिली. १९६७ मध्ये पित्याने सुमारे ४० हजार पौंडांचे ते शेत पत्नीला ५०० पौंडांत विकले आणि मुलाचा हक्क बुडाला. सॉलिसिटर जबाबदार ठरला, कारण नोंदणी हा त्याच्याकडे सोपवलेल्या कामाचाच भाग होता. त्याच निकालात न्यायमूर्ती ऑलिव्हर यांनी हेही स्पष्ट केले की पक्षकाराच्या साऱ्या हिताची राखण करणारी सर्वसाधारण नेमणूक अशी काही चीज नसते. कर्तव्याची हद्द सोपवलेल्या कामाने ठरते.

दुसरा खटला मिंकिन विरुद्ध लँड्सबर्ग, २०१५ चा. घटस्फोटातील पक्षांनी आपसांत ठरवलेली तडजोड न्यायालयाला मान्य होईल अशा मसुद्यात बसवण्यापुरतीच सॉलिसिटरची नेमणूक होती. तडजोड आपल्या हिताची नव्हती हे सॉलिसिटरने सांगायला हवे होते, असा पक्षकाराचा नंतरचा दावा अपील न्यायालयाने फेटाळला. काम मर्यादित, म्हणून कर्तव्यही मर्यादित.

तिसरा खटला व्यापारी जागेचा आणि म्हणून येथे सर्वांत महत्त्वाचा. क्रेदी ल्योने या बँकेला भाडेपट्टा मुदतीआधी संपवायचा होता. त्या कलमात ठराविक रक्कम वेळेत भरण्याची अट होती. ती वेळ चुकली आणि हक्क गेला. सॉलिसिटरने अटीची काटेकोर मुदत बँकेच्या नजरेस आणून दिली नव्हती. २००२ मध्ये न्यायमूर्ती लॅडी यांनी त्याला जबाबदार धरताना दंतवैद्याचा दाखला दिला. एका दाताच्या उपचारासाठी रुग्ण आला आणि शेजारचा दात किडलेला दिसला, तर दंतवैद्याने ते सांगितले पाहिजे. सगळी बत्तीशी तपासण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. पण दिसलेली कीड दडवून चालत नाही.

या तिन्हींतून निघणारा नियम असा: न सोपवलेले काम शोधून काढून करण्याचे बंधन वकिलावर नाही. पण सोपवलेले काम करताना जो धोका समोर आला, किंवा सावधपणे काम केले असते तर समोर आलाच असता, त्याची सूचना त्याने दिलीच पाहिजे. एका वाक्याचे पत्रही त्यासाठी पुरते.

५. या मातीतले पाच धोके

काय सोपवायचे हे ठरवायला काय अडू शकते ते माहीत असावे लागते. कर्जत-खालापूरच्या जमिनीवर स्वातंत्र्यानंतरच्या अनेक कायद्यांचे थर आहेत. त्यांतले पाच ठळक.

कूळ आणि शेतकरी असण्याची अट. १९४८ च्या कूळ कायद्याखाली १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे कायद्याने मालक झाली. कलम ३२ग खाली किंमत ठरते, ३२म चे प्रमाणपत्र मिळते आणि कलम ४३ ने अशा जमिनीच्या विक्रीवर बंधन येते. २०१४ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून विक्रीची वाट मोकळी केली. पण ती भरली का, हे पाहावे लागतेच. कलम ६३ बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मनाई करते. खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी कलम ६३-१अ मध्ये निराळी वाट आहे, तिच्या अटी निराळ्या. हे चुकले तर व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होण्यापर्यंत मजल जाते.

आदिवासी खातेदार. या दोन तालुक्यांत कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी आणि त्याआधी राज्य शासनाची मान्यता लागते. हे बंधन आदिवासींच्या हातातली जमीन टिकावी म्हणून आहे, आणि वकिलाच्या सावधपणाचा फायदा खरेदीदाराइतकाच त्या खातेदारालाही होतो. वाघमारे, पवार, जाधव ही आडनावे कातकऱ्यांत आहेत आणि इतर समाजांतही. आडनाव वाचून निष्कर्ष काढणारा वकील चुकतो. जुने फेरफार, वारस नोंदी आणि गरज पडल्यास जातीचा दाखला पाहावा लागतो.

खाजगी वन. ३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्याने खाजगी वने सरकारच्या मालकीची झाली. त्याआधी वन कायद्याच्या कलम ३५ खाली निघालेल्या नोटिसांच्या आधारे अनेक सर्व्हे नंबरांवर नोंदी पडल्या. ३० जानेवारी २०१४ च्या गोदरेज अँड बॉइस निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नोटीस नुसती काढलेली असणे पुरेसे नाही. त्यामुळे अशी प्रत्येक नोंद जमीन बुडवणारी नसते, पण प्रत्येक नोंद खरेदीआधी समजून घ्यावी लागते.

माथेरान परिसर आणि झोन. ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्रीय अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. डोंगराखालच्या तालुक्यांतील भागही त्यात येतो. शिवाय गाव कोणत्या नियोजन प्राधिकरणाकडे आहे आणि गटाचा झोन काय आहे, यावर बांधकामाचे भवितव्य अवलंबून असते. मालकी निर्वेध असलेल्या जमिनीवरही गोदाम उभे राहू शकत नाही, असे घडते.

हद्द आणि वाट. कोकणात सर्व्हे नंबरांचे लहान लहान हिस्से पडलेले असतात. वरकस जमिनीच्या हद्दी कागदावर एक आणि जागेवर एक असतात. मोजणी करून भूमी अभिलेख खात्याची ‘क’ प्रत घेतल्याशिवाय जागा कोणती, हे पक्के होत नाही. कंटेनर जाईल एवढा रस्ता आहे का, हे तर सातबारा सांगतच नाही.

यांपैकी पहिले तीन धोके महसुली कागद वाचणाऱ्या वकिलाच्या नेहमीच्या कामात मोडतात. शेवटचे दोन बहुधा शोधाच्या कामाबाहेर राहतात आणि स्वतंत्रपणे सोपवावे लागतात.

६. शोध अहवालातील सूट

दुय्यम निबंधक कार्यालयाचा शोध म्हणजे सूची क्रमांक २ पाहणे: गाव, गट नंबर, देणार, घेणार, मोबदला, तारीख. अहवालात वर्षांची यादी येते आणि बहुतेक वर्षांपुढे ‘नोंद आढळली नाही’ असे लिहिलेले असते. मध्येच एखाद्या वर्षापुढे ‘पाने फाटलेली’ किंवा ‘निर्देशांक बांधणीसाठी गेलेला’ असा शेरा दिसतो. शेवटी एक परिच्छेद: हा अहवाल उपलब्ध अभिलेखापुरता मर्यादित असून न सापडलेल्या नोंदींसाठी वकील जबाबदार नाही.

खरेदीदार हा परिच्छेद वाचत नाही, आणि बरीचशी मर्यादा त्यातच लिहिलेली असते. फाटलेल्या पानासाठी वकिलाला दोष देता येत नाही. मात्र त्याने तसे सांगून दुसरी वाट सुचवायला हवी: त्या वर्षांचे फेरफार काढणे, मूळ दस्त मागणे, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणे. उघड असलेली नोंद वाचली नाही, त्या वेळी मात्र ही सूट त्याला तारत नाही.

एक बारकावा जुन्या दस्तांचा. २००१ पर्यंत नोंदणी कायद्याच्या कलम ३० खाली देशात कुठेही असलेल्या मिळकतीचा दस्त मुंबईच्या निबंधकाकडे नोंदवता येत असे. त्याची माहिती स्थानिक कार्यालयाला कळवली जाणे अपेक्षित होते. जमीन मुंबईच्या मालकांच्या हातून फिरलेली असेल, तर कर्जत किंवा खालापूरच्या कार्यालयापुरता शोध अपुरा पडू शकतो. शोध कोणत्या कार्यालयांत घेतला, हे म्हणूनच अहवालात पाहावे.

७. एक हिशेब

कल्पित उदाहरण घेऊ. एका उद्योजकाने खालापूर तालुक्यात गोदामासाठी २ हेक्टर, म्हणजे २०० आर जमीन ४ कोटी रुपयांना घेतली. वकिलाकडे लेखी काम दिले ते असे: तीस वर्षांचा शोध, सातबारा आणि फेरफारांची तपासणी, खरेदीखत. मोजणी, रस्ता आणि झोन वगळले.

खरेदीनंतर तीन गोष्टी घडल्या. सातबाऱ्यावर क्रमांक असलेल्या एका जुन्या फेरफारात ४० आर क्षेत्रावर खाजगी वनाची नोंद निघाली. शेजाऱ्याने वाट अडवली. आणि भागातले भाव उतरून जमिनीची किंमत ३० लाखांनी घटली. वनाची नोंद कळल्यानंतरही उद्योजकाने सगळ्या जमिनीभोवती २५ लाखांची भिंत घातली.

वनाची नोंद सोपवलेल्या कामातली. फेरफार वाचला नाही, म्हणून वकील जबाबदार. नुकसान किती? ४ कोटीला २०० आर, म्हणजे आरला २ लाख. ४० आरचे ८० लाख. पण तो तुकडा मधोमध असल्याने उरलेल्या जमिनीचा आकार बिघडला, आणि दोषासह जमिनीची खरेदीच्या दिवसाची किंमत ३ कोटी १० लाख निघते, असे समजू. मग दाव्याचा पाया ९० लाखांचा.

वाटेचे काय? ती नेमणुकीतून वगळलेली होती, त्यामुळे केवळ वाट तपासली नाही म्हणून वकील जबाबदार नाही. पण जाहीर नोटिशीला उत्तर म्हणून शेजाऱ्याचे हरकतपत्र त्याच्याच फाइलमध्ये आले असेल आणि त्याने ते पक्षकाराला कळवले नसेल, तर चित्र बदलते. दंतवैद्याला शेजारचा दात दिसला होता.

भाव उतरल्याचे ३० लाख वकिलाच्या माथी येत नाहीत. ते बाजाराचे आहेत. भिंतीचे २५ लाखही नाहीत, कारण करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते तेही विचारात घेतले जातात. धोका कळल्यावर केलेला खर्च दुसऱ्याकडून मागता येत नाही. शिवाय ९० लाखांसाठीही उद्योजकाला सिद्ध करावे लागेल की नोंद माहीत असती तर त्याने जमीन घेतली नसती किंवा कमी किमतीत घेतली असती. आणि गोदरेज निकालाच्या आधारे ती नोंद हटवता येण्याजोगी असेल, तर नुकसानीचा आकडाही खाली येईल.

८. वकील नेमका कोणाचा?

विक्रेत्याचा किंवा डेव्हलपरचा वकील टायटल सर्टिफिकेट देतो आणि खरेदीदार त्यावर विसंबतो. ते सर्टिफिकेट डेव्हलपरला उद्देशून असते. त्यात वकिलाचा करार डेव्हलपरशी असतो. खरेदीदाराचा त्या वकिलावर दावा उभा राहणे कठीण जाते. मोठ्या प्रकल्पात प्लॉट घेणाऱ्याला रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याचा आधार आहे: कलम १८ प्रमाणे सदोष टायटलमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई प्रवर्तकाने द्यायची असते आणि तिला मुदतीची आडकाठी नसते. मात्र थेट शेतकऱ्याकडून सलग जमीन घेणाऱ्या उद्योगाला हा आधार मिळत नाही.

‘बँकेने कर्ज दिले, म्हणजे कागद चांगलेच’ हा समजही धोक्याचा. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेचे तारण सुरक्षित आहे का, एवढे पाहतो. त्याचा अहवाल बँकेसाठी असतो. हैदराबादच्या अशाच एका पॅनेल वकिलाचे प्रकरण, सीबीआय विरुद्ध के. नारायण राव, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले. बनावट कागदांवर दिलेल्या गृहकर्जांत त्याच्या कायदेशीर मताचा वापर झाला होता. कटात सक्रिय सहभाग असल्याचा पुरावा नसेल, तर केवळ चुकलेल्या मतासाठी वकिलावर फौजदारी खटला चालत नाही, असे न्यायालयाने ठरवले. निष्काळजीपणाची दिवाणी जबाबदारी आणि बार कौन्सिलची कारवाई हे प्रश्न वेगळे राहतात.

खरेदी आणि विक्री दोन्ही बाजूंचे काम एकाच वकिलाने करणे तालुक्याच्या ठिकाणी सर्रास चालते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार पक्षांशी असलेला आपला संबंध वकिलाने काम घेतानाच उघड करायचा असतो. दोष सापडला तर तो कोणाला सांगायचा, या पेचात असा वकील सापडतोच.

९. दाद कुठे मागायची

वकिलाच्या निष्काळजीपणाबद्दल दावा करता येतो, हे १९२६ च्या विधिव्यावसायिक फी कायद्याच्या कलम ५ ने केव्हाच स्पष्ट केले आहे: केवळ वकील आहे म्हणून कोणी जबाबदारीतून सुटत नाही. मार्ग तीन, आणि त्यांचे पल्ले वेगवेगळे.

दिवाणी न्यायालय भरपाई देऊ शकते. करारभंगाच्या दाव्याची मुदत करार मोडल्यापासून तीन वर्षांची. सदोष अहवालाच्या बाबतीत ही तारीख बहुधा दोष उघडकीस येण्याच्या कितीतरी आधीची असते. फसवणूक करून दोष लपवला असेल तर मुदत ती कळल्यापासून मोजली जाते. एरवी उशीर अंगाशी येतो.

महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते. ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द होणे, या तिथल्या शिक्षा. नुकसानभरपाई मिळवण्याचे ते ठिकाण नव्हे.

ग्राहक आयोगाचा मार्ग आता बंद आहे. राष्ट्रीय आयोगाने २००७ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली धरली होती. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या निकालात ते मत फिरवले. वकील पक्षकाराच्या सूचनांनी बांधलेला असतो, म्हणून ही सेवा वैयक्तिक सेवेच्या करारात मोडते, असे न्यायालयाने म्हटले.

हुकूमनामा झाला तरी वसुली उरतेच. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरला व्यावसायिक जबाबदारीचा विमा सक्तीचा आहे. भारतात वकिलांवर अशी सक्ती नाही. तालुक्यातील वकिलाची फी हजारांत असते आणि नुकसान कोटीत. या तफावतीमुळे दावा जिंकणे आणि पैसे हाती येणे यांत मोठे अंतर पडते.

१०. नेमणूकपत्रात काय असावे

म्हणून खरी सुरक्षितता व्यवहाराआधीच्या दोन पानी नेमणूकपत्रात आहे. त्यात या गोष्टी असाव्यात:

– पक्षकार कोण, आणि विक्रेता, एजंट, डेव्हलपर यांच्याशी वकिलाचा काही संबंध आहे का.

– जमिनीचे गाव, गट किंवा सर्व्हे व हिस्सा नंबर, क्षेत्र, आणि जमीन कशासाठी हवी आहे. गोदामासाठी हवी हे वकिलाला माहीतच नसेल, तर झोनबद्दल सावध करण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवता येत नाही.

– शोध किती वर्षांचा आणि कोणत्या कार्यालयांत.

– कूळ कायदा, आदिवासी जमीन आणि खाजगी वन या तिन्हींवर अहवालात स्वतंत्र मत.

– काय वगळले आहे आणि वगळलेले काम कोण करणार. मोजणी, रस्ता, झोन यांपुढे प्रत्येकी एक नाव असलेच पाहिजे.

– वगळलेल्या बाबींतही काही धोका दिसला तर वकील लेखी कळवील, हे वाक्य.

– वकिलाने कोणत्या प्रती पाहिल्या, मूळ की झेरॉक्स, आणि त्या कोणी दिल्या.

असे पत्र वकिलालाही तितकेच राखते, कारण न घेतलेल्या कामाचे खापर मग त्याच्यावर फुटत नाही. चांगला वकील ते मागितल्यावर नाराज होत नाही. खरेदीदाराने एवढे करावे: बयाण्याचा चेक लिहिण्याआधी नेमणूकपत्रातील वगळलेल्या कामांची यादी वाचावी, आणि त्यातल्या एखाद्याही कामापुढे माणसाचे नाव नसेल तर तो चेक देऊ नये.